झेर्देला चालेल असं सनस्क्रीन

सोन-कोल, वरचं जायलू
१२ जुलै, दुपारी दुसऱ्या आणि तिसऱ्या दुधाच्या मधे

माझ्या लाडक्या गुलझान ताएजेंना,

अदिनायचा वाकून सलाम. जनावरं सुखरूप? माणसं सुखरूप? (तुमच्याकडे जनावर म्हणजे ते एक लठ्ठ मांजर, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असं आई म्हणते, नाहीतर शहरात राहून पोरगी बिघडली असं होतं.) तुमचा गुडघा कसा आहे? बाजारातला गाळा कसा चाललाय? शेजारच्या गाळ्यातली ती मोजेवाली अजून तुमच्या दारात खोकी ठेवते का? आम्ही सगळे मजेत. बाबा मजेत, आई मजेत, दहाही घोड्या मजेत, शिंगरंही मजेत. (एक शिंगरू मधे दीड दिवस मजेत नव्हतं. ते पुढे येईल.)

पत्र घाईत लिहितेय. झानिश गाडी घेऊन कुमीस न्यायला वर आलाय आणि त्या घोडीच्या आंबट दुधाचा तिसरा वाडगा संपला की निघणार. आत्ता पहिला चाललाय. इथे फोनला रेंज नाही हे तुम्हाला माहितीये, रेंज घ्यायची तर घोड्यावरून दीड तास त्या टेकडीपर्यंत जावं लागतं आणि मला आता बाबा घोडा देत नाहीत. (तेही पुढे येईल.) मी एका जागी बसू शकत नाहीये, दोन ओळी लिहिते, उठते, आईच्या डोक्यावर टोपी आहे का बघून येते, परत बसते. अक्षर तिरकं वाटलं तर समजून घ्या.

तर सनस्क्रीन. मार्चमध्ये आईच्या नाकाजवळचा तो डाग काढला तेव्हा तुम्हीच सोबत होतात, त्यामुळे डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तुम्हाला पाठ असेल. तरी लिहिते, कारण मला ते सारखं ऐकू येतं. आत्ता वाईट काही निघालं नाही, पण परत येऊ द्यायचं नाही. रोज क्रीम, दर दोन तासांनी परत क्रीम, मोठी टोपी, आणि २८ जुलैला दाखवायला यायचं. तेव्हा चेहरा भाजलेला दिसला तर आईचं जायलू बंद, उन्हाळ्यात कुरणावर यायचंच नाही. ह्या वर्षापुरतं नाही, कायमचं. आता आई आणि जायलू म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगू, तुम्ही तिच्यासोबत इथेच वाढलात. हिवाळ्यात खालच्या घरात ती अशी बसते जशी कोणी तिला पोत्यात भरून ठेवलीय.

मला वाटलं, ह्यात अवघड काय आहे! घोडीचं दूध दर दोन तासांनी, क्रीमही दर दोन तासांनी. निसर्गानेच टाइमटेबल जुळवून दिलंय. अकरा वर्षं तुमच्याकडे राहून इंग्लिश मीडियममध्ये शिकले, ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर मला धडाधडा वाचता येतं, आणि तुमच्यासारखी मावशी गाळ्यातून दर आठवड्याला नव्या ट्यूबा पाठवतेय. आईने म्हटलं, लाव बाई, एकदाची गप्प बसशील. आणि मी कामाला लागले.

पहिली ट्यूब तुम्ही जाड बाटलीतली पाठवली होती ती. लेबलवर लिहिलं होतं की त्वचेत झटकन विरघळतं. झटकन म्हणजे किती ते लिहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तरी विरघळलं नाही. आई उन्हात वाळत घातलेल्या दह्याच्या गोळ्यासारखी, कुरुतसारखी दिसत होती, फक्त कुरुतला डोळे नसतात. शेजारच्या यर्टच्या तंबूतली सालकीन विस्तव मागायला आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "अगं झूरा, पिठाच्या पोत्यात पडलीस की काय? की दुसऱ्यांदा नवरी व्हायचा विचार आहे?" आई म्हणाली, "पहिल्या वेळी पण एवढी गोरी नव्हते." दोघी हसल्या, पण दुसऱ्या दिवशी आईने ती बाटली मुकाट्याने चुलीमागे ठेवून दिली.

दुसरी ट्यूब अजिबात पांढरी नव्हती, चमकदार होती. तेलकट म्हणणार होते, पण लेबलवर 'तजेलदार' असं काहीतरी होतं. आता तुम्हाला माहितीये, धार काढताना आई एक गुडघा टेकते, बादली हातात अडकवते आणि गाल घोडीच्या पोटाला लावते. गाल लावला नाही तर घोडीला वाटतं ही बाई परकी आहे. दहा घोड्या, दहा वेळा गाल. आई यर्टमध्ये परत आली तेव्हा तिला अर्धी मिशी आणि एका बाजूची पूर्ण दाढी होती, तीही तीन रंगांची. बाबा बोलत नाहीत हे तुम्हाला माहितीच आहे, आठवड्यात चार वाक्यं. त्यातलं एक त्यांनी त्या दिवशी खर्च केलं. "मिशी आलीच आहे, तर माझी टोपी पण घे."

(झानिशने दुसरा वाडगा घेतला. मला बघून परत 'टोमॅटो' म्हणून हसला. दोन आठवडे झाले, मी खालून टोमॅटो आणायला सांगितलेत, आणत नाही तो नाहीच, वर आठवण करून दिल्यासारखा हसतो.)

तिसरी ट्यूब मला मनापासून आवडली होती. पातळ, हलकी, पाण्यासारखी. पण आईला घाम आला, घामाबरोबर ते डोळ्यात गेलं, आणि आई रडायला लागली. रडत रडत धार काढली, रडत रडत कुमीस घुसळलं, रडत रडत पाण्याला गेली. पाण्यावर चार यर्टांच्या बायका. आईला विचारलं काय झालं, तर ती म्हणाली काही नाही, आणि डोळे पुसले. झालं! बाई रडते आणि काही नाही म्हणते, म्हणजे नवराच. तासाभरात आमच्याकडे इस्मानाली आजोबा काठी टेकत आले, मागून सालकीन भाकरी घेऊन, तिच्या मागून दोन म्हाताऱ्या तळलेले बोर्सोक घेऊन. बाबांना मधे बसवलं. आजोबांनी सुरुवात केली, "कादिर, माझीही जवानी गरम होती." बाबांना काही कळेना. मी मधे पडून सांगायला गेले की हे सनस्क्रीनमधलं एक केमिकल आहे, तर म्हाताऱ्यांनी मला गप्प केलं, आईबापाच्या भांडणात मुलीने बोलू नये म्हणे. आई जितकी सांगत होती की भांडण नाही, तितकी रडत होती, आणि जितकी रडत होती तितके आजोबा बाबांकडे जास्त दुःखाने बघत होते. शेवटी पाहुणे बसलेत, आजोबा बसलेत, नुसता चहा कसा द्यायचा? बाबा उठले आणि मेंढरू कापलं. ते बघून सगळ्यांना खात्रीच पटली की गुन्हा मोठा होता. जाताना आजोबांनी बाबांची पाठ थोपटली आणि म्हणाले, "चूक मान्य करणारा माणूस मोठा." बाबांनी त्या आठवड्याची उरलेली तीन वाक्यं वापरली नाहीत. नुसते माझ्याकडे बघत होते.

चौथी ट्यूब. ताएजे, चौथ्या ट्यूबबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. ती पांढरी नव्हती, चिकट नव्हती, झोंबत नव्हती, आई स्वतः म्हणाली, "ही बरी आहे गं." फक्त तिला गुलाबाचा वास होता. आईला आवडला. मलाही आवडला. झेर्देला आवडला नाही. झेर्दे म्हणजे ती तांबडी घोडी, सगळ्यांत जास्त दूध देणारी आणि सगळ्यांत जास्त विचार करणारी. आईने गाल लावला, झेर्देने मान वळवून हुंगलं, कान मागे टाकले आणि पान्हा चोरला. शिंगराला पुढे आणलं, दाखवलं, नाही म्हणजे नाही. तिचं बघून बाकीच्या नऊ जणींनीही तेच केलं. त्या दिवशी एवढ्या घोड्यांचं मिळून अर्धी बादली दूध निघालं आणि सगळ्या कुरणाला गुलाबाचा वास.

आता इथे मी जरा डोकं चालवलं. (बाबा ह्याला दुसरं काहीतरी म्हणतात.) माझा विचार पूर्ण सायंटिफिक होता. घोडी पान्हा कशाला सोडते? शिंगराच्या वासाला. आईला कुठला वास येतोय? गुलाबाचा. मग शिंगरालाच गुलाबाचा वास आला तर? घोडीला वाटेल, अरे, गुलाब म्हणजे आपलंच! मी आई पाण्याला गेल्यावर झेर्देच्या शिंगराला अर्धी ट्यूब फासली. पाठ, मान, आणि शेपटीखाली खास, कारण घोड्या तिथेच हुंगतात. शिंगरू खूष होतं, मला चाटत होतं.

झेर्देने त्याला हुंगलं आणि लाथ मारली.

ते परत गेलं, तिने परत मारली. स्वतःच्या पोराला! ते असं ओरडायला लागलं ना, ताएजे, आत्ता लिहिता लिहिता उठून मी त्याला लांबूनच बघून आले. आई धावत आली. शिंगराला ओढ्याच्या पाण्याने धुतलं, मग झेर्देचं जे काय चार चमचे दूध बादलीत होतं ते त्याच्या अंगाला चोळलं, स्वतःचं तोंड राखेने आणि पाण्याने खसाखसा धुतलं, आणि भर उन्हात, बिनटोपीची, बिनक्रीमची, घोडी आणि शिंगरू ह्यांच्या मधे बसून राहिली. ते जुनं घोडीला समजावायचं गाणं म्हणत होती, तुमच्या आईचं. दुपारभर. दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत तसंच. दुपारी कधीतरी झेर्देने उसासा सोडला (खरंच, माणसासारखा) आणि शिंगराला जवळ येऊ दिलं. मी टोपी घेऊन शेजारी उभी होते दोन्ही दिवस, आईवर सावली पडेल अशी, पण सूर्य सरकतो ना. आईचा गाल लाल झाला. त्या नाकाजवळच.

बाबांनी त्या रात्री जपून ठेवलेली वाक्यं काढली. घोड्यांजवळ मी फिरकायचं नाही. घोडाही मिळणार नाही. आणि क्रीम नीट नसेल तर आईला पुढच्या आठवड्यात खाली पाठवायचं, दूध गेलं उडत. आईने ऐकलं आणि उठून कुमीस घुसळायला लागली. आजकाल २८ तारखेचं नाव काढलं की ती हेच करते. मी विचारते, डॉक्टरकडे जायचं ठरवूया का, ती म्हणते कुमीस घुसळायचंय. मी म्हणते आत्ताच घुसळलं, ती म्हणते अजून लागेल.

तर असं आहे. बाकी सगळं छान. हवा थंड, गवत भरपूर, काळजी करू नका. झानिशचा तिसरा वाडगा निम्मा झालाय. मांजराला प्रेम.

तुमचीच,
अदिनाय

ता. क. एक राहिलं. मागच्या पार्सलमध्ये तुम्ही एक अंगठ्याएवढी ट्यूब फुकटची म्हणून टाकली होती, लहान मुलांची. मी तिला हिशेबातच धरलं नव्हतं. परवा दुसरं काहीच उरलं नाही म्हणून लावली. पाच मिनिटांनी आईने विचारलं, "लावणार होतीस ना? लाव की." लावली होती! वास नाही, पांढरं नाही, झोंबत नाही, केस चिकटत नाहीत. झेर्देने तिची मान हुंगली, मग कोपर, मग टोपी, आणि पान्हा सोडला. मी लांब कुंपणापाशी उभी होते, तिथेच उड्या मारल्या. पण ती रविवारपर्यंत संपेल, आणि तिच्यावरचा नावाचा कागद शिंगराने खाल्ला. झाकण सोबत पाठवतेय, निळं आहे, त्यावरून ओळखा. दहा पाठवा.

ता. क. २. खरं म्हणजे मला ट्यूबा नकोत. म्हणजे हव्यात, पण पाठवू नका, तुम्ही स्वतः घेऊन या. गुरुवारी झानिशच्या गाडीने. कुमीस प्यायची इच्छा झाली म्हणून सांगा. क्रीम जमल्यापासून आई म्हणते, आता क्रीम मिळालंय तर डॉक्टर कशाला. ती माझं ऐकत नाही, बाबांना विचारलं तर बाबा बोलत नाहीत. तुम्ही तिची मोठी बहीण, तुम्हाला ती नाही म्हणू शकत नाही. तिला गाडीत बसवा. मला खूप भीती वाटतेय, ताएजे, आणि मी इथे नुसती ट्यूबांची लेबलं वाचतेय.

गुलझान एजे, मी झूरा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. अर्धं खोटं आहे, मिशी फार नव्हती. झानिशच्या गाडीतली २८ ची जागा मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलीय. हिला बोलले नाही, कारण बोलले असते तर हीही गाडीत बसली असती आणि डॉक्टरबाईंना शिकवत बसली असती. मलाही भीती वाटते. म्हणून घुसळते. यंदा कुमीस फार चांगलं झालंय, तुम्ही या. ट्यूबा दहा नको, अकरा आणा. दोन दिवस माझ्यावर सावली धरून उभी होती, सगळ्या कुरणाला क्रीम फासत फिरते, आणि स्वतःचं नाक उकडलेल्या बटाट्यासारखं सोललंय, झानिश टोमॅटो म्हणतो तरी हिच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. तिची ट्यूब गुलाबाच्या वासाची असली तरी चालेल. घोड्या तशाही तिच्याजवळ उभ्या राहत नाहीत.