खोलीच्या मधोमध

२४ एप्रिल, शुक्रवार
सकाळच्या एसटीने कारंजा लाडला पोहोचलो. पंचफुलाकाकूंच्या मळ्यातली खोली मिळाली. एक दार, एक टेबल. खिडकी नाही, पण कौलांमधल्या काचेतून छान उजेड पडतो. दारासमोर वांग्यांचे वाफे. काकू म्हणाल्या, हाडकुळा डाक्टर कोनाले पायजे, पोटभर खात जाय. खूप हसलो. शाळा मधेच सुटली, बारावी उशिरा झाली. नीट परीक्षेची ही शेवटची खेप. बाबांना तसा शब्द दिला आहे.

२६ एप्रिल
आज सूत्री विभाजन घेतले. पेशी दुभंगण्याआधी आतल्या गुणसूत्रांची हुबेहूब नक्कल करून ठेवते. आकृती तीनदा काढली. संध्याकाळी टेबलावर दोन कंपासपेट्या होत्या. झाकणावरचा पोचासुद्धा सारखाच.

२८ एप्रिल
मध्यावस्था : गुणसूत्रे मध्यभागी रांगेत येतात. आंघोळ करून परतलो, तर दोन बाटल्या, दोन पुस्तके, चपलांचे दोन जोड खोलीच्या मधोमध सरळ रांगेत. काकूंना वाटले, मीच मांडले. ताक पी म्हणाल्या.

३० एप्रिल
पश्चावस्था. जोड्या फुटल्या. एकेक वस्तू समोरासमोरच्या भिंतींना जाऊन टेकली. दुपारी जेवायला गेलो, तर काकू वैतागल्या. आता तर जेवून गेला नं तू! पोट हाये का पोतं?
मी सकाळपासून उपाशी होतो.

१ मे
फरशीच्या मधोमध हातभर भिंत उगवली आहे. ओली, कोमट. गवंडी भिंत कडेपासून बांधतो. वनस्पतिपेशीत ती मधून सुरू होते आणि कडांकडे वाढते. काकूंना बोलावून दाखवली. त्या तिच्यातून आरपार चालत गेल्या, झोप घे म्हणाल्या.
मी हात लावला. मला ती लागते.

२ मे
दुपारी डोळा लागला. उठलो, तर भिंत कौलांपर्यंत. एका कडेला वीतभर फट. दार पलीकडे. उद्याच्या वाशिमच्या पेपरचे प्रवेशपत्रही. पलीकडे कोणी उत्तरे पाठ करतो आहे — माझाच आवाज. मी जिथे अडखळतो, तिथे तो अडखळत नाही.

३ मे, सकाळ
फट बोटभर. काकूंची हाक — धीरज, वाशिमची एसटी निंगून जाईन! मी ओरडलो. त्याने शांतपणे ओ दिली. कडी वाजली. काकू हसल्या —
बाबा, तो मी नाही —
पुस्तकात मीच अधोरेखित केले होते : मूळ पेशी उरत नाही. दोन्ही नव्या. मग मीही —
फट बुजली. टेबलावर दोन पेने. पायाखाली ओले लागते आहे. या अर्ध्या खोलीच्या अगदी मधोमध —