बर्फातला मासा

बाबा, आज फ्रीजरमधून रावसाचे दोन तुकडे काढले आणि तुमच्या आठवणीने जीव कासावीस झाला. डॉक्टरीणबाईंनी मला खाणं बदलायला सांगितलंय. हृदयासाठी म्हणे भूमध्य समुद्राकडच्या लोकांसारखं जेवा. मासे, काबुली चणे, भाज्या, लिंबू, लसूण, आणि वरून ऑलिव्हचं तेल. मग मी आपली रविवारी चणे उकडते, पालक चिरते, डबे भरून फ्रीजरमध्ये टाकते, म्हणजे आठवडाभर कटकट नको. त्या बाई मला समजावत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे लालबागची आपली खोली.

तुम्ही बोटीवरचे भंडारी. त्याच समुद्रातल्या बंदरांतून खलाशांना रांधून घालायचात. पण सुट्टीवर घरी आलात की आई तुम्हाला स्टोव्हला हात लावू द्यायची नाही. "घरी तरी बसून खावा की," म्हणायची. त्या दिवशी मात्र हरताळ होता. बाजार बंद, खाली 'झालाच पाहिजे'च्या घोषणा, नाक्यावर पोलिसांची गाडी. काय शिजवायचं ते आईला सुचेना. तुम्ही म्हणालात, "आज मी करतो." बोटीच्या बर्फघरातला मासा तुम्ही आदल्या संध्याकाळीच आणून, बर्फ आणि भुसा घालून गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. चणेही भिजत घातले होते. म्हणजे मनात आधीपासूनच होतं तुमच्या! लुंगी खोचून बसलाहात, लसूण ठेचताय, काहीतरी गुणगुणताय. इतके खुशीत मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

मग तुम्ही ऑलिव्हच्या तेलाचा डबा फोडला आणि शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "अगो बाये, ह्या तर पोराक चोळूचा त्याल!" त्यांच्या तान्ह्या नातवाला औषधाच्या दुकानातलं तेच तेल लावत होते ना. झालं! आईचं तोंड उतरलं. "आणि मासा तो बर्फातला. मरून किती दिवस झाले कोण जाणे," ती पुटपुटली. आपण कोकणातली माणसं, कल्ले उघडून लालभडक दिसले तरच मासा पिशवीत टाकणारी. तिने गुपचूप डब्यातली सुकट काढली आणि आम्हाला भात वाढला. तुम्ही मला म्हणालात, "जरा चाखून तरी बघ गं." मी आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून भात कालवत होती. मी नको म्हटलं. तुम्ही एकटेच जेवलात, अगदी सावकाश. मध्येच स्वतःशीच म्हणालात, "बरं झालंय."

त्यानंतर कितीतरी सुट्ट्या आल्या, पण तुम्ही स्टोव्हजवळ फिरकला नाहीत. आणि मग तुम्हीच गेलात. फार वाईट वाटतं हो बाबा. अख्ख्या बोटीला जेवू घातलंत, आणि घरात एक घास कुणी घेतला नाही. हे आता कुठल्या पत्त्यावर धाडू?

दुपारी लेक जेवायला आली होती. दोनदा मागून घेतलं तिने. "आई, भारीच झालंय गं! कुणी शिकवलं?" तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण तुमचं नाव घ्यायचं तर तुमचं ते एकट्याने जेवणंही सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्याने होईना. मी म्हटलं, "डॉक्टरांनी."