रोटर जागेवर बसवला आहे

अब्बा,

मी नाक्यावरून दौंडची एस.टी. धरते आहे. तिथून दुपारच्या गाडीनं सोलापूरला, नर्सिंगला.

सकाळी मला स्टेशनावर सोडायच्या वेळी तुम्ही म्हणालात, "मोटार सुरू हुईना. आता कुठं जातीस, पुढच्या वर्षी बघू." आणि मळ्यात निघून गेलात. कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक उघडलंतसुद्धा नाही. अख्खा हिवाळा ते इंग्रजी पुस्तक मी तुम्हाला मराठीत सांगत बसले, ते काय उगीच? इंजिन सुरू होत नसेल तर आधी काय तपासायचं, ते मग मीच तपासलं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, तर आत रोटरच नाही; त्याच्याशिवाय ठिणगी पडणार कशी? तो तुमच्या कोटाच्या खिशात सापडला, रुमालात नीट गुंडाळलेला.

जाऊ नको असं तोंडानं म्हणाला असतात, तर निदान भांडता तरी आलं असतं. त्या बिचाऱ्या मोटारीला कशाला मधे घातलंत?

रोटर बसवला आहे. पहिल्याच हँडलला मोटार सुरू झाली, अम्मीनं बघितलं आहे. माझी ट्रंक मागच्या सीटवर ठेवली आहे, ती घेऊन दौंड स्टेशनावर या. एस.टी.तून मला नेता आली असती, तरी ठेवली.

खुर्शिद