खाध किती?

नाना, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी जो सर्व्हे केला, तो एकूण कितीला पडला हे आज पहिल्यांदा नीट मांडतो. पंचवीस फॉर्मांची झेरॉक्स, साडेबारा रुपये. एक फाईल, दोन बॉलपेनं. कामगारांना पाजलेला चहा, त्याचे पैसे तुम्हीच दिले होते. एवढा खर्च मी तेव्हाच वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता. जो लिहिला नाही तो असा: तुम्ही अकरा वर्षं चालवलेले आठ लूम, आणि भिंतीला भिंत लागून राहणारा तुमचा एकुलता एक मित्र. दोन्ही एका आठवड्यात गेले. सर्व्हे वीस गुणांचा होता.

नव्वदीची मधली वर्षं. सुरतेतल्या नवागामच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीतून मी सायकलवर कॉलेजला निघायचो. महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेला पोरगा एकदम गुजरातीत अर्थशास्त्र शिकायला बसला. वर्गात सर सांगायचे, देशाचे दरवाजे उघडले, आता भांडवल येणार. मी ते आधी कानाने गुजरातीत ऐकायचो, डोक्यात मराठीत करायचो, आणि घरी आईला अहिराणीत सांगायचो, तोवर भांडवल बरंच पातळ झालेलं असायचं. बँकिंगच्या पहिल्या तासाला सरांनी विचारलं, कोणाकोणाचं खातं आहे? मी हात वर केला नाही. आपल्याकडे खातं म्हणजे लूमचा कारखाना. मला वाटलं, शेठ लोकांची मुलं कोण ते विचारतायत. पुढच्या बाकावरच्यांचे हात वर गेलेच, त्यामुळे माझी खात्रीच पटली. हा किस्सा मी पुढे शंभर ठिकाणी सांगून लोकांना हसवलंय. तुम्हाला सांगितला तेव्हा तुम्ही हसला नाहीत. पोस्टातलं तुमचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलंत, उद्या हात वर कर म्हणालात.

माझे कान तेव्हाही तिखट होते. रस्त्यावरून जाताना कुठल्या शेडमधला लूम लंगडतोय हे मला कळायचं. तुमचे कान मात्र त्याच आवाजाने नेले. घरी तुम्ही एवढ्या मोठ्याने बोलायचात की मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं, आणि शेडमध्ये तुम्ही बोलायचातच नाही, सगळा कारभार हाताने. दोन बोटं फाकवली की तार तुटली, पोटावर हात फिरवला की शेठ आला. शेजारचे आप्पा आणि तुम्ही समोरासमोरच्या लुमांवर असायचात. त्या खडखडाटात तुम्ही दोघं हातांनी थट्टा करायचात, आणि बाकीच्यांना कळायचंही नाही कोणाची चाललीय. शुक्रवारी पगार झाला की एकाच सायकलवर परत यायचात. तुम्ही पुढे, आप्पा मागे.

मग तो सर्व्हे आला. सरांनी सांगितलं, कामगार कुटुंबांची आवक, खर्च, बचत आणि खाध लिहून आणा. गुजरातीत खाध म्हणजे तूट. सरकारच्या अंदाजपत्रकात तोच शब्द, आणि मी तो इतका घोकला होता की माझ्या तोंडात मराठी तूट येईचना. तुम्ही म्हणालात, घराघरांत कशाला फिरतोस, दुपारी खात्यात ये, जेवायच्या वेळेला सगळे एका जागी सापडतील.

मी येतो. तुम्ही मला लुमांच्या मधल्या बोळातून हाताला धरून नेता, मी लहान असल्यासारखं. तुमच्या लुमाजवळ आप्पा आणि आणखी तिघंजण लूम बंद करून डबे उघडतात. मी फाईल उघडून, घसा ताणून, आवाज चढवून आप्पांना विचारतो, आप्पा, महिन्याची खाध किती? आप्पा माझ्याकडे बघतात, मग डब्याकडे. त्यांना वाटतं, मी विचारतोय काय खाल्लं.

"दोन भाकरी नि मिरचीना ठेचा," आप्पा म्हणतात. "लिख."

पलीकडचा विचारतो, चहाबी लिखाना का? तिसरा सांगतो की त्याच्या बायकोने आज वरणात पाणी जास्त घातलंय, तेही सरकारला कळव. मी सांगायला लागतो की तसं नाही, खाध म्हणजे महिन्याला कमी किती पडतं ते, आणि तोवर हशा एवढा पसरतो की पलीकडच्या रांगेतलेही लूम थांबवून बघायला येतात. मला राग आलेला. मी तुमच्याकडे बघितलं, की तुम्ही तरी यांना समजावा. तुम्ही म्हणालात, "त्यास्नं काय चुकनं?" आणि मग, नेहमीसारखं मोठ्याने, मला समजावून सांगितलंत की महिन्याला कमी पडतं तेव्हा भाडं कमी होत नाही, रॉकेल कमी होत नाही, गावी पाठवायचे पैसे कमी होत नाहीत. डब्यातून कमी होतं. मग डबा विचारलास आणि त्यांनी डबा सांगितला, लिहून घे. मी ते लिहिलं. पंचवीस फॉर्मांवर पंचवीस डबे. आज मी बँकांना कर्जांची प्रकरणं तयार करून देतो, चाळीस माणसं माझ्या हाताखाली आहेत, पण माणसाला किती झेपेल हे ओळखायचं मी त्या एका दुपारीच शिकलो.

नाना, शेडमध्ये आवाज झाला तर वर ऑफिसात कोणाला काही वाटत नाही. वर ऐकू येते ती शांतता. दोन्ही रांगांतले लूम एकदम थांबले आणि खात्यावर देखरेख करणारा मास्तर जिना उतरून खाली आला. त्याला बघताच सगळे पांगले, लूम सुरू झाले, तुम्ही पाठ फिरवून तार जोडायला वाकलात. मी बोळाच्या तोंडाशी फाईल छातीशी धरून उभा. मास्तरने माझ्या कानाजवळ तोंड आणून विचारलं, आ शुं चाले छे? त्याचा स्वर साधा होता. मी म्हणू शकलो असतो, कॉलेजचं काम आहे, काका, वीस गुणांचं आहे. तो कदाचित हसून परत गेला असता. पण पंचवीस जण नुकतेच माझ्यावर हसले होते, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला मी एकटाच होतो. मी त्याच्या कानात ओरडून सांगितलं:

"युनिव्हर्सिटीनो सर्वे छे. रिपोर्ट दिल्ली जवानो छे."

रिपोर्ट दिल्लीला जाणार हे ऐकून त्याने विचारलं, त्यात काय काय लिहिलंय? मी फुशारकीने एकेक रकाना दाखवला. पगार, कामाचे तास, शेडमधली माणसं. शेठच्या रजिस्टरवर किती माणसं आहेत आणि लुमांवर किती, हा फरक तेव्हा मला ठाऊक नव्हता. मास्तरला होता. त्याने कोणाचा मुलगा, एवढंच विचारलं, आणि मी तुमच्याकडे बोट केलं. तुम्ही पाच हातांवर होतात, आमच्याकडे पाठ करून, आणि तुमच्या कानांना त्यातलं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

सुरतेत लुमांवरच्या माणसाला काढून टाकत नाहीत, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. फक्त ताण्याचं बीम, उभ्या धाग्यांचा तो रूळ, चढवत नाहीत. बीम नसेल तर लूम चालणार कसा? दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, मास्तर म्हणाला, बीम नथी, काले आवजो, म्हणजे उद्या या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बीम नथी. आणि बोळापलीकडे आप्पांच्या लुमांवर नवी बीमं चढलेली तुम्हाला दिसत होती. तिसऱ्या दिवशी तुम्ही दहा वाजता परत आलात, भरलेला डबा तसाच आईपुढे ठेवलात, आणि म्हणालात, बीम नही. आईने तो डबा उघडून मला वाढला. मी खाल्ला, नाना. अभ्यासाचं पुस्तक मांडीवर ठेवून सगळा खाल्ला.

सर्व्हेच्या त्या दुपारी आप्पा वर शेठच्या ऑफिसात गेले होते आणि तुम्ही त्यांना जिना चढताना पाहिलं होतं. बस, तेवढ्यावर तुम्ही ठरवलंत, चुगली आप्पांनीच केली. तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं, आप्पांनी काही उत्तर तरी दिलं असतं. तुम्ही फक्त त्यांच्याशी बोलणं बंद केलंत, हातांनीसुद्धा. पलसाण्याच्या कपडा रंगवायच्या कारखान्यात लागलात. टेम्पोतून जाऊन येऊन तीन तास. हात कधी जांभळे, कधी हिरवे, आणि वाफेने धरलेला तो खोकला. आप्पांच्या मुलीचं लग्न आपल्याच गल्लीत झालं, मांडवाचा एक बांबू आपल्या दाराला टेकलेला, आणि तुम्ही त्या दिवशी रजा असून पलसाण्याला गेलात. मी तेव्हा बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होतो. भिंतीपलीकडून आप्पा काकूंना विचारत होते, मी यांचं काय बिघडवलं. पातळ भिंत आणि माझे कान. मी उठून अंगणात जाऊन बसलो. मास्तरशी मी काय बोललो ते सांगायला दोन मिनिटं लागली असती. रोज वाटायचं, निकाल लागला की सांगू, नोकरी लागली की सांगू. मला नोकरी लागली त्या वर्षी तुम्हाला सिव्हिलमध्ये ठेवावं लागलं, आणि तिथून तुम्ही घरी आलाच नाहीत.

हे लिहिताना मी तीनदा उठलोय. एकदा पंखा कमी केला, एकदा वाढवला, एकदा उगीच ऑफिसचं शटर तपासून आलो. कारण काल आप्पा आले होते. पंचाहत्तरीचे असतील, कानात मशीन, सोबत नात. पोरगी बारावी झालीय, तिला अर्थशास्त्र घ्यायचंय, तिचा बाप कॉम्प्युटरच्या मागे लागलाय. आप्पा म्हणाले, तू समजाव, तू त्यातलाच. मी लगेच सुरू झालो. घे अर्थशास्त्र म्हणालो, मी काय करून दाखवलं बघ. आणि सवयीने तो सर्व्हे आला. नवागामच्या खोलीत राहणारा पोरगा, पंचवीस डबे, आणि रिपोर्ट थेट दिल्लीपर्यंत. हे मी कॉलेजच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणा म्हणूनही सांगितलंय, टाळ्या पडतात. पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. आप्पा मशीनवर बोट ठेवून ऐकत होते. मग पोरगी फोनवर बोलायला बाहेर गेली आणि ते पुढे वाकले.

"नानानी मन्हासंगे बोलनं कसाले सोडं? तुले काही सांगं व्हतं का?"

मी म्हणालो, नाही हो आप्पा, त्यांचा स्वभावच तसा. आप्पांनी मान हलवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, की त्या फॉर्मच्या दिवशी ते वर गेले होते ते रजा मागायला, दोघांची. तुमच्या भाच्याचं लग्न होतं आणि शेठपुढे तोंड उघडायला तुम्हाला जमायचं नाही, म्हणून तुमच्याही वाटची तेच मागायचे. रजा मिळाली होती, नाना. ते खाली येऊन तुम्हाला हाताने खूण करत होते, चार बोटं, चार दिवस. तुम्ही वाकलेले होतात.

सोमवारी ती पोरगी प्रवेशाच्या फॉर्मबद्दल मला काही विचारायला येणार आहे, आणि आप्पा तिच्याबरोबर येतील. तेव्हा सांगेन असं आज वाटतंय. पण असं मला याआधीही खूपदा वाटलेलं आहे, आणि माझा मला भरवसा नाही. हा कागद तुमच्यापर्यंत जाणार नाही, आणि आप्पांच्या हातात द्यायचा तर तेवढं धैर्य लागतं जेवढं तोंडाने सांगायला.

दिल्लीचंही सांगून टाकतो. निकालानंतर कॉलेजच्या शिपायाने सगळ्यांच्या फॉर्मांचे गठ्ठे परत दिले, घेऊन जा नाहीतर रद्दीत जातील म्हणाला. त्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांना वीसपैकी चौदा गुण होते. ज्यांनी फॉर्म घरी बसून भरले होते, त्यांनाही.