होणाऱ्या जावयाला पाडण्याची तयारी

४ जानेवारी, रविवार
चर्चमधून, रविवारच्या मिस्साहून आल्यावर ॲनिशाने एका मुलाला घरी आणलं. नाव ॲलिस्टर. राहायला एव्हरशाईनला, दिवसा औषध कंपनीत नोकरी, संध्याकाळी ज्युडोचा क्लास घेतो. ॲनिशा म्हणाली, डॅडी, आम्हाला लग्न करायचंय.

मुलगा नम्र आहे. पण मान बैलासारखी. चहाचा कप त्याच्या हातात औषधाच्या झाकणाएवढा दिसत होता. माणसं उचलून आपटणं हा ज्याचा छंद, त्याच्या घरी माझी एकुलती एक पोर जाणार. बाप कोण आहे ते त्याला आधीच कळलेलं बरं. म्हणून सहज सांगितलं, कॉलेजात मीही कराटे केलंय.

हे खरंच आहे. एक संध्याकाळ गेलो होतो. मग कांजिण्या आल्या. नाहीतर ब्लॅक बेल्ट ठरलेलाच होता.

ॲलिस्टर खूश झाला. म्हणाला, अंकल, आठ फेब्रुवारीला आमच्या क्लासचा कार्यक्रम आहे. पालकही मॅटवर येतात. तुम्ही माझ्यासमोर उभे राहाल का? मी हो म्हटलं. लग्नाला मात्र हो म्हटलेलं नाही. आठ तारखेला बघू.

बायको, रोझलिन, तोंडाला पदर लावून आत गेली. खोकला असावा.

६ जानेवारी
वालीवला ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत अभ्यास केला. जगात सर्वात जास्त लोक कराटे, तायक्वांदो, ज्युडो, बॉक्सिंग आणि कुंग फू शिकतात. कोट्यवधी लोक. इतक्या लोकांना जमतं म्हणजे फार अवघड नसणार. प्रत्येकातलं उत्तम तेवढं घ्यायचं आणि स्वतःची पद्धत बनवायची.

उद्यापासून पहाटे पाच.

७ जानेवारी
सव्वासातला उठलो. शरीराला विश्रांती हाही ट्रेनिंगचा भाग आहे, असं व्हिडिओत सांगितलंय.

संध्याकाळी वाडीत कराटेची किक. केळीचं एक झाड एका फटक्यात आडवं. वर कच्चा घड होता, त्यावरून रोझलिनने बरंच ऐकवलं. तिच्या मते ते झाड बुंध्यात आधीच कुजलेलं होतं. बायकोला कौतुक करता येत नाही.

११ जानेवारी, रविवार
तायक्वांदो. यात पाय डोक्याएवढा वर न्यावा लागतो. सुरुवात म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. ठेवता आला. खाली आणता येईना. रोझलिन बाजारात गेलेली. शेवटी तिचा भाऊ आग्नेल मासे घेऊन आला. त्याने दोन्ही हातांनी, शिडी उतरवतात तसा, माझा पाय खाली घेतला. काही विचारलं नाही. आग्नेलला कशातच रस नसतो.

तायक्वांदो आपल्या हवामानाला मानवत नाही.

१४ जानेवारी
बॉक्सिंगला चष्मा काढावा लागतो. रद्द.

कुंग फूबद्दल वाचून झालं. पुरे.

१९ जानेवारी
शत्रूला त्याच्याच शस्त्राने गाठायचं. ॲलिस्टरच्या क्लासला जायला लागलो. ॲनिशाचीच सूचना. त्याने स्वतः माझा पट्टा बांधून दिला, कारण मी बांधलेला सारखा सुटत होता. पट्ट्याचा कपडा निकृष्ट आहे.

पण शिकवतात काय, तर पडायला. हनुवटी छातीला लावायची, मॅटवर हात आपटायचा, अंग सैल सोडायचं. मी म्हटलं, मला पाडायला शिकव. ॲलिस्टर म्हणाला, अंकल, ज्याला पडता येतं त्यालाच पुढे नीट पाडता येतं. डाव स्पष्ट आहे. मला मुद्दाम मागे ठेवतोय.

२८ जानेवारी
अजून पडणंच चालू. ॲलिस्टर सगळ्यांसमोर म्हणाला, अंकल फार छान पडतात.

नोंद करून ठेवतो. वेळ येईल.

७ फेब्रुवारी
ॲनिशा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, डॅडी, नाही केलंस तरी चालेल, कोणी काही म्हणणार नाही. बिचारी घाबरलीये. तिला वाटत असेल, तिच्या ॲलिस्टरला लागेल. मी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, जपून पाडीन.

८ फेब्रुवारी, रविवार
पाडला.

आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार केला. मी कॉलर धरली, पाय अडकवला आणि ओढलं. खरं तर ओढायला नुकती सुरुवात केली होती. एवढा मोठा गडी धाडकन मॅटवर. हॉल टाळ्यांनी दुमदुमला. रोझलिनने मोबाईलवर काढलंय, पण तिचा हात हलत होता. भावना अनावर झाल्या असणार.

११ फेब्रुवारी
ॲलिस्टर घरी आला होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तुझा डावा पाय कच्चा आहे, तोल लवकर जातो. तो म्हणाला, हो अंकल, लक्ष देतो. शिकण्याची तयारी आहे मुलात.

वडीलधाऱ्यांसाठी आपल्या वाडीत सकाळची बॅच काढावी म्हणतो.

१५ फेब्रुवारी, रविवार
पालथा पडून लिहितोय.

बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. त्याआधी बोलणी व्हावीत म्हणून ॲलिस्टरचे आईवडील, पीटर आणि रोवेना, जेवायला आले होते. आग्नेलही होता. रोझलिनने चिकन केलं, सोबत मैद्याचे गोल फुगे तळले. जेवणं झाल्यावर पीटर म्हणाले, तुम्ही आमच्या मुलाला पाडलंत म्हणे, कसं ते दाखवा की. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? आग्नेलला उभं केलं. कॉलर धरली, पाय अडकवला, ओढलं.

आग्नेल सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, खात होता. खातच राहिला.

पुन्हा जोरात ओढलं. कंबरेत काहीतरी कट्टकन वाजलं. माझ्याच.

आग्नेल म्हणाला, भाऊजी, मी पण पडायचं होतं का? रोझलिन तर मला म्हणालेली, पडायचं ॲनिशाने फक्त ॲलिस्टरला सांगून ठेवलंय.

रोवेना पंख्याकडे बघत राहिल्या. ॲनिशा ताटं उचलायला धावली, ताटं केव्हाच उचललेली होती. ॲलिस्टर कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, नाही अंकल, मी खरंच पडलो होतो, मॅट ओली होती. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. हा ॲनिशाला फसवायला गेला तर दारातच पकडला जाईल.

मला वाकलेलं सरळ होता येईना. त्याने मला काखेत हात घालून उचललं आणि अलगद सोफ्यावर ठेवलं. उशी स्वतःच सरकवली. मग माझ्या पायाशी जमिनीवर बसला, काहीतरी त्याचंच चुकल्यासारखा.

मी पीटरना म्हटलं, ईस्टरनंतरची कुठलीही तारीख धरा.

ॲनिशाने येऊन मिठी मारली. नेमकी कंबरेलाच. मी ओरडलो नाही. फक्त सांगितलं, लग्नात तुला हात धरून वेदीपर्यंत मीच नेणार.

रोझलिन म्हणाली, या कंबरेने तीच तुम्हाला नेईल.