पत्र्याच्या पलीकडून

अण्णा, तुमच्या लाल गाडीवरची ताडपत्री मागच्या आठवड्यात काढली. काढली असं तरी कसं म्हणू, ती तुकड्यातुकड्यांनी हातात आली. खालून उंदरांचा, वाळलेल्या पाल्याचा वास आला आणि त्याच्याही खालून, अगदी बारीक, रंगाआधी तुम्ही पत्र्याला लावायचात त्या तांबड्या अस्तराचा. मी शेडच्या दारातच उभी राहिले. दोन माणसांची ती बुटकी गाडी, तारांची चाकं, लांबलचक नाक. ते नाक अजून त्या बाभळीच्या मापानं आत गेलेलं आहे. झाड केव्हाच तोडलं, रस्ता रुंद झाला. बाभळीचा आकार मात्र आपल्या शेडमध्ये जसाच्या तसा राहिलाय.

शेडच्या जागेवर धाकट्याला दोन खोल्या बांधायच्या आहेत. तो पुण्याहून फोनवर म्हणाला, "ताई, नीट कर नाय तर मोडीत घाल, पण तिला हलव. पाया खोदायला माणसं येणारेत." मी म्हटलं, मीच का ठरवायचं? तर म्हणतो, "ठोकळा तूच धरायचीस. मला तर अण्णा म्हणलं की नुसता हातोडीचा आवाज आठवतो." तुम्ही गेलात तेव्हा तो फार लहान होता, हे मी नेहमी विसरते.

गाडी आपल्याकडं आली तीसुद्धा मोडूनच आली होती. छावणीतल्या त्या म्हाताऱ्या साहेबांची, त्यांच्या वडलांनी हैदराबादहून आणलेली विलायती गाडी. साहेबांनी ती स्वतःच्याच फाटकावर घातली आणि तुम्हाला बोलावून म्हणाले, "भंगारवाल्याच्या हाती जाण्यापेक्षा तू ने. फक्त एकदा चालती करून मला दाखव." तुम्ही ती बैलगाडीच्या मागं बांधून आणली. गल्लीतली सगळी माणसं हसत होती आणि तुम्ही गंभीर चेहऱ्यानं पुढं चालत होता, लंगडं जनावर घरी आणावं तसे. आणल्यावर तुम्ही हत्यारांना हातच लावला नाही. आधी आम्हाला आज्याची गोष्ट सांगितली. गंगापूरकडं मेंढरं घेऊन फिरताना एखादीचा पाय मोडला की आजा तिच्यापुढं हिरवा पाला टाकायचा आणि जरा लांब जाऊन बसायचा. पाल्याला तोंड लावलं तर कामट्या लावून पाय बांधायचा. नाही लावलं तर मग तिचे हाल करायचे नाहीत. एवढं सांगून तुम्ही गाडीच्या नाकात हँडल घातलं आणि हलकेच फिरवून पाहिलं. आतलं इंजिन फिरलं. तुम्ही उभे राहून आईला हाक मारली, "अगं, पाला खातीय ही!" आई चुलीपुढून म्हणाली, "खाऊ द्या. पोरांच्या ताटातलं नका घालू म्हणजे झालं."

मग सुरू झालं ते काम. दिवसभर लोकांच्या जीपा, ट्रकांची दारं आणि संध्याकाळी ही. मी शाळेतून आले की दप्तर ठेवून थेट शेडमध्ये. तुम्ही पत्र्याच्या बाहेरून हातोडी मारायचात आणि मी आतून तो गुळगुळीत लोखंडी ठोकळा पत्र्याला टेकवून धरायचे, म्हणजे घाव ठोकळ्यावर बसून पत्रा सरळ होई. मधे पत्रा, त्यामुळं आपण एकमेकांना दिसत नसू. प्रत्येक घावाआधी तुम्ही विचारायचात, "हाय का?" मी म्हणायचे, "हाय." मग घाव. हाय का, हाय, ठक्. तासन्तास आपण तेवढंच बोलत असू आणि आजही मला वाटतं की कुणाशी मी त्याहून जास्त बोललेली नाही.

एकदा मी नुसतंच "हाय" म्हटलं. हात भरून आला होता, ठोकळा मी मांडीवर ठेवलेला. घाव पडला आणि ठक्च्या ऐवजी पोकळ, फाटका आवाज आला. तुम्ही हातोडी खाली ठेवली, वळसा घालून माझ्याकडं आलात. मला वाटलं आता कानफटात बसते. तुम्ही माझ्याकडं न बघता त्या पत्र्यावर तळहात फिरवलात, डोळे मिटून, अगदी सावकाश. म्हणालात, "ताणला ना बिचारा. हाय म्हणायचं तर असायचं, बाई. नसलं तर नाय म्हणायचं. नाय म्हणल्याचा राग नसतो." मग माझा हात तुमच्या हाताखाली धरून त्या पत्र्यावरून नेलात. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण हाताला तिथं एक उंचवटा लागला. तो हाताला लागला तेव्हापासून माझा हात तुमचा झाला. आज वाळूजच्या कारखान्यात मी गाड्यांचे पत्रे तपासते. आता मशिनी आहेत, उजेडाच्या नळ्या आहेत, तरी मी आधी डोळे मिटते. नवीन मुली हसतात. एक म्हणाली, "मॅडम, झोपून घ्या की, मी पाहते पुढचं." मीही हसले.

त्या दिवशी तुम्ही साहेबांना गाडी दाखवायला नेण्याआधी एक चक्कर मारून बघतो म्हणालात. मला हात करून "ये" म्हणालात, पण आईनं मला दळण आणायला धाडलं होतं. मी डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी आणि तुम्ही उघड्या गाडीतून, केस उडालेले, पैठण रोडकडं वळताय. हे मला अजून चालू काळात दिसतं. तुम्ही वळताय. मागचा लाल पत्रा उन्हात चमकतोय, मी ठोकळा धरला त्या जागी जास्त चमकतोय असं मला वाटतंय. मग चितेगावच्या अलीकडं बाभळीपाशी लोक जमलेले, आणि दवाखान्यात आम्ही पोचेपर्यंत उशीर झालेला.

दोन गोष्टी कानावर आल्या. चहाच्या टपरीवाला म्हणाला, मेंढरं आडवी आली, माणसानं गाडी रस्त्याखाली घातली. आणि आपल्या गल्लीतले मिस्त्री, ते हळू आवाजात म्हणत होते की स्टेअरिंगखालचा सांधा गेला असणार. तो विलायती सांधा कुठंच मिळत नव्हता म्हणून तुम्ही लेथवर स्वतः बनवला होता. "घरचा पार्ट," असं कुणीतरी म्हणालं. तेराव्याला जेवायला बसलेल्या पंगतीत म्हणालं, आणि आई वाढत होती. तिनं भाताचा हात तसाच धरला आणि मग पुढच्या पानावर गेली. त्यानंतर आपल्या घरात त्यावर कुणी बोललं नाही. गाडी ओढून शेडमध्ये आणली, ताडपत्री टाकली. दर खंडेनवमीला आई आतलं सगळं झाडून तुमच्या हातोड्या पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायची आणि जाता जाता ताडपत्रीवर एक झेंडूचं फूल ठेवायची. ताडपत्री कधी उचलली नाही.

लोकांना वाटतं आठवण म्हणून ठेवली. तसं नव्हतं, अण्णा. नीट करायची तर तो सांधा उघडावा लागणार, आणि उघडला की कळणार. मोडीत घातली तर कधीच कळणार नाही. म्हणून आम्ही दोन्ही केलं नाही. तुमच्या हातानं तुमचा घात केला का, एवढंच ते होतं, आणि ते शेडमध्ये झाकून ठेवून आम्ही जेवलो, शिकलो, लग्नं केली.

परवा भंगारवाला येऊन गेला. बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून म्हणाला, "ताई, आताच्या गाड्यांना पापडाचा पत्रा. ही म्हणजे नुसती म्हैस हाय म्हैस." ओट्यावरून आई म्हणाली, "म्हैस म्हणू नको तिला. मेंढी हाय ती." एवढ्या वर्षांत त्या गाडीबद्दल आईच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. भंगारवाल्याला काही कळलं नाही. मी त्याला नंतर सांगते म्हणाले.

मग मी चाचांना बोलावलं. तुमच्या हाताखाली तयार झालेले, आता त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे, दाढी सगळी पांढरी. आत आले, गाडीला हात लावून तोच हात छातीला लावला. "उस्ताद की लाडली," म्हणाले. "इतने बरस भूखी रखा तुम लोगांनी." आम्ही इंजिनात तेल सोडून ते मुरू दिलं आणि मग हँडल घातलं. हललं नाही. चाचा म्हणाले, "रूठी हाय. मनाव थोडा." पुन्हा तेल, पुन्हा वाट. तिसऱ्या खेपेला आतून काहीतरी कण्हल्यासारखं झालं आणि हँडल माझ्या हातात गोल फिरलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाला खातीय." चाचांना ती गोष्ट ठाऊक होती. त्यांनी तोंड फिरवलं आणि पान्ह्यांची पेटी जवळ ओढली.

आज्याच्या नियमानं मग पाय बांधायलाच हवा होता. चाचा खाली सरकले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते त्यांचे. मग हात बाहेर आला, हातात तो सांधा. दोन तुकडे. मी ते उजेडात नेले. कारखान्यात तुटून आलेल्या भागांची अशी तोंडंही मी बघते. लोखंड हळूहळू तडकत जाऊन तुटलं की त्याच्या तोंडावर भरती ओसरल्यासारखे वळ दिसतात, आणि एका दणक्यात तुटलं की दाणेदार दिसतं. मला पाहता क्षणी सांगता आलं असतं. पण दोन्ही तोंडांवर गंजानं सगळं खाऊन टाकलं होतं. वळ नव्हते, दाणे नव्हते, नुसती तपकिरी भुकटी होती. मी डोळे मिटून अंगठा फिरवला. काही लागलं नाही.

चाचांनी विचारलं, "क्या बोलता हाय?" मी म्हटलं, काहीच नाही. ते खाली बसून म्हणाले, "आपटून मोडलं का मोडून आपटलं, आता कौन बतायेगा, बेटी? तवाच उघडलं असतं तर ह्या तुकड्यांनीच सांगितलं असतं." ते मला दोष देत नव्हते. पण कळू नये म्हणून आम्ही जे झाकून ठेवलं, ते झाकल्यामुळंच कळण्याचं मिटलं, हे मला तिथं उभ्या उभ्या समजलं, अण्णा.

बाहेर ओट्यावर आई मेथी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "काय म्हणला तो सांधा?"

मी म्हटलं, "सांधा शाबूत होता, आई. गाडी आदळल्यावर तुटलाय. स्वच्छ दिसतंय."

जुडी संपली होती तरी ती निवडलेलीच देठं पुन्हा निवडत राहिली. मग म्हणाली, "मग मेंढरंच आडवी आली. व्हय. तुझा बाप मेंढरावर गाडी घालणारा नव्हता." पदरानं हात पुसले. "नीट कर तिला. आन आधी ती बाभळ काढ तिच्या अंगातून. लई दिस झाले."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला का, मला माहीत नाही. ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती खोटं पकडणाऱ्याची नव्हती आणि फसलेल्याचीही नव्हती. मी बाहेरून घाव घातला आणि तिनं आतून काहीतरी धरलं, एवढंच मला कळलं. तुम्ही नाय म्हणल्याचा राग नसतो म्हणाला होतात. मला नाय म्हणता आलं नाही.

गाडी आता चाचांच्या गॅरेजमध्ये आहे. सांधा नवा येईल, तो मी आमच्या कारखान्यातल्या लोकांकडून तपासून घेणार आहे. त्याचा राग मानू नका. हे पत्र मी दाराच्या पत्र्याच्या आत ठेवून दार बंद करून घ्यायचं ठरवलं होतं. लिहिता लिहिता आठवलं, पत्र्यामागं कागद राहिला की तो ओल धरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, हे तुम्हीच सांगितलेलं. तेव्हा हे कुठंच जाणार नाही. माझ्यापाशीच राहील.

एकच सांगायचं राहिलं. काल कामाला सुरुवात केली. चाचा म्हणाले, ठोकळा तूच धर. मी नाकाच्या आत हात घातला, बाभळीच्या त्या खड्ड्यामागं ठोकळा नीट टेकवला, तुम्ही शिकवला तसा. मधे पत्रा, चाचा दिसत नव्हते. पलीकडून आवाज आला, "हाय का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं तरी दिलं नाही. ठोकळा जागेवर होता, हातही दुखत नव्हता. आधी तुम्ही कुठून उत्तर देताय का, ते मी ऐकत होते.