डोलकाठीच्या पोटातून

आदरणीय अबुल-वफा मामा,

तुम्हाला सलाम, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक सलाम, कारण पहिला आपल्या किना शहराच्या गाडीतल्या गर्दीत चेंगरून जाईल. गुडघा कसा आहे? मामीचा बसलेला घसा उठला का? (उठला असेल तर गुडघ्याची चौकशी मी कशाला करू, ती दिवसभर करतच असेल.) मी ठणठणीत आहे. अलेक्झांड्रियाची हवाच अशी की माणूस नुसत्या वासानं जेवतो.

तुमचा निरोप पोचला. ‘हेही काम सुटलं तर पहिल्या गाडीनं ये, गुऱ्हाळात काहिलीपाशी तुझी जागा ठेवलीय.’ उपकार आहेत मामा. पण ते ऐकलं आणि इथं समुद्राकाठी बसल्याबसल्या माझ्या पाठीला उसाच्या चिपाडाची खाज सुटली. मला इथंच राहायचंय. भट्टीवरून पळालो, कातड्याच्या कारखान्यातून पळालो, हे सगळं खरं. पण या होड्यांच्या क्लबातून मला हाकलतील तर हाकलतील, मी होऊन पळणार नाही. का, ते सांगायला आधी डोलकाठीची गोष्ट सांगावी लागेल.

आपल्या नाईलवरच्या होडीची डोलकाठी म्हणजे सोललेलं झाड. दोर बाहेर, कप्पी बाहेर, सगळा कारभार उघडा. इथल्या शर्यतीच्या होड्यांची डोलकाठी अॅल्युमिनियमची आणि आतून पोकळ! शिडं चढवायचे दोर तिच्या पोटातून जातात. वर कप्पीवरून आत शिरतात आणि बुडाशी भोकातून बाहेर येतात, मधलं काही दिसत नाही. माणूस खाली दोर ओढतो आणि वर शीड आपलं आपण आभाळात चढत जातं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बिस्मिल्ला म्हणून मागे सरलो आणि पाण्याच्या पिंपात बसलो. (पिंप भरलेलं होतं.)

मी ज्या होडीवर राबतो ती कप्तान दौलत यांची. इथं होडी शिकवणाऱ्याला कप्तान म्हणतात, मग ती बाई का असेना. आणि बाई अशी, की केस पांढरे झाले तरी वारा तिला विचारून वळतो. परवा मला म्हणाल्या, “बखीत, मोठ्या शिडाचा आणि छोट्या शिडाचा, दोन्ही दोर झिजलेत. नवे ओवून ठेव. शुक्रवारी शर्यत आहे. जमलं तर तू कायमचा आमचा. नाही जमलं तर तुमच्या मुलखाची गाडी स्टेशनात उभीच असते.”

आता यात तुमचाही थोडा हात आहे मामा. बाज विणायला तुम्हीच शिकवलंत ना? आधी जुनं सुंभ सगळं काढून टाक, सांगाडा स्वच्छ पूस, मग नवं विण. मी अगदी तसंच केलं. डोलकाठी होडीवरून उतरवून आडवी ठेवली, दोन्ही जुने दोर ओढून काढले, गुंडाळून ठेवले, डोलकाठी पुसून आरशासारखी केली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. कप्तानबाई आल्या.

“जुन्याच्या शेपटीला काय बांधलंस?”

“शेपटी राहिलीच नाही कप्तान. सगळा बाहेर काढला. दोन्ही.”

त्या शेजारच्या एका उपड्या होडीवर बसल्या. “अरे, पायजम्यात नाडी घालतोस ना? जुनी ओढायच्या आधी तिच्या टोकाला नवी बांधतात. एवढंही नाही शिकवलं आईनं?”

“आमच्याकडे नाडी तुटल्याशिवाय बदलत नाहीत, कप्तान.”

फाटकावरचे शनूदाकाका तर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, “ऐका हो! सईदी पोरानं विहिरीतला दोर काढला आणि विहीरच हरवली!” (इथं आपल्याकडच्या प्रत्येकाला सईदी म्हणतात आणि आधी हसून घेतात, विनोद मागाहून सांगतात.)

मी आडव्या पडलेल्या डोलकाठीच्या बुडाला डोळा लावला. मामा, काय सांगू! आत लांबच लांब गार अंधार, आणि पार पलीकडे नखाएवढं आभाळ. हळूच माझं नाव घेतलं, तर ते आतून मोठं होऊन परत आलं, जणू कुणी जाणता बखीत तिकडे बसलाय. मशिदीत शिरल्यावर आवाज आपोआप उतरतो ना, तसं झालं. आणि या एवढ्या अंधारातून मला एक दोरी न्यायची होती.

तार घातली, ती मध्येच कशाला तरी अडून वाकली. दोऱ्याला लोखंडी नट बांधून सोडला, तो वरच्या कप्पीच्या फटीतूनच जाईना. जड हवं, पण बारीक हवं, आणि सापासारखं वळणारं हवं. असं काय असतं? मी फाटकाकडे पाहिलं. शनूदाकाकांची सायकल भिंतीला टेकलेली होती.

तिची साखळी एवढी चपखल बसली म्हणून सांगू! तिला मासेमारीचा दोरा बांधला, डोलकाठीचं टोक क्लबाच्या जिन्यावर चढवलं आणि साखळी कप्पीवरून आत सोडली. खुळखुळ, खुळखुळ, नवरी पैंजण घालून जिना उतरावी तशी ती आत उतरत गेली. क्लबातले सगळे हातातला चहा विसरून ऐकत होते. बुडाच्या भोकातून तिचं काळं नाक बाहेर आलं तेव्हा मला रडूच आलं. मग दोऱ्याला नवा दोर, आणि दोर पार! (त्याच वेळी फाटकावर शनूदाकाका घरी निघाले होते. पाय गरगर फिरत होते आणि सायकल जागच्या जागी. त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्यात आपलं गाव आलं, पण तुमचं नाव मी येऊ दिलं नाही.)

छोट्या शिडाचा दुसरा दोर आत जाऊन पहिल्याला मिठी मारून बसला. एक ओढला की दोन्ही हलायचे. शेवटी तो काढला, पहिला ताणून धरला, डोलकाठी कुशीवर वळवली आणि पुन्हा साखळी सोडली. गुरुवारी संध्याकाळी डोलकाठी होडीवर उभी राहिली. दोन्ही दोर लोण्यातून सुरी जावी तसे चालतात. कप्तानबाईंनी स्वतःच्या कागदातला अर्धा भाजलेला मासा मला दिला.

मामीला सलाम. चुलत्यांना सलाम. विचारणाऱ्यांना सलाम, न विचारणाऱ्यांना नुसतं कळवा.

तुमचा भाचा,
बखीत

ता. क. लिहायला बसलो ते यासाठी. मी उसाच्या हंगामाला येत नाही, हे आईला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती चप्पल काढेल. तुम्ही मोठे भाऊ आहात, तुम्हाला फार तर उपाशी ठेवेल. काहिलीपाशीची जागा चुलत्यांच्या हमदानला द्या.

ता. क. दुसरा, शुक्रवार सकाळ. हमदानला अजून काही बोलू नका. आईला तर मुळीच नाही. आत्ता कप्तानबाईंनी मोठ्या शिडाचा दोर ओढला आणि छोटं शीड वर गेलं. बुडाशी दोन्ही दोरांची टोकं एकमेकांच्या भोकांतून बाहेर काढलीत मी. त्या ओरडताहेत. जातो.

ता. क. तिसरा, शुक्रवार संध्याकाळ. मी होडीत उडी मारली, कुठला दोर कुठल्या शिडाचा ते दाखवायला. तेवढ्यात होडी सुटली, शर्यतीचा भोंगा वाजला, आणि कप्तानबाईंचा शर्यतीतला जोडीदार हातात ताअमियाचे वडे घेऊन धक्क्यावरच राहिला. मामा, इंजिन नाही, बैल नाही, वल्हं नाही. माझ्या हातानं ओवलेला दोर ताठ उभा, त्यावर शीड, आणि समुद्र बाजूनं पळतोय! होडी कलली की तोल धरायला “बाहेर लटक!” म्हणाल्या, लटकलो. “आत ये!” म्हणाल्या, आलो. सारा वेळ मी अल्लाचं नाव घेत होतो आणि त्यांना वाटलं मी वारा मोजतोय. आमची होडी शेवटून पहिली आली. धक्क्याला लागल्यावर म्हणाल्या, “दोर चांगले चालले. वजनही बरं आहे तुझं. पुढच्या शुक्रवारी लवकर ये, आणि काकांना त्यांची साखळी दे.”

तेव्हा सांगा आता हमदानला. आईलाही सांगा. फक्त मी होडीबाहेर लटकतो हे तिला कळू देऊ नका. मला पोहता येत नाही हे इथं कुणाला ठाऊक नाही, पण तिला ठाऊक आहे.